जंगम घरांतील बालपण

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते क्रिकेटचे मैदान. १९६२ च्या मार्च महिन्यात बार्बेडोस बेटावर ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, आणि त्यांना वाचविण्यासाठी ज्यांनी आपले रक्त दिले त्यांत प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते, ही हकीकत आपल्या घराघरांतून सांगितली गेली आहे. पुढे १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने त्याच बेटांवर मालिका जिंकली आणि सुनील गावसकर यांनी पहिल्याच दौऱ्यात ७७४ धावा काढल्या, तेव्हा तर त्या बेटांची नावे आपल्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ झाली. मात्र ज्या माणसांची नावे आपण इतक्या आवडीने घेत आलो, ती कोणत्या घरांत वाढली, त्यांच्या ताटांत काय वाढले जाई, त्यांच्या आया कशावर संसार रेटीत, ह्याची चौकशी आपण फारशी केलेली नाही.

श्रोतेहो, आज मी तुम्हांला त्या घरांकडे घेऊन जाणार आहे.

गारफिल्ड सोबर्स यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९३६ साली बार्बेडोसच्या राजधानीतील, म्हणजे ब्रिजटाऊनमधील, बे लँड नावाच्या गरीब वस्तीत झाला. वडील बोटीवर खलाशी. १९४२ साली जर्मन पाणबुडीने त्यांचे जहाज बुडविले, आणि पाच वर्षांच्या गारफिल्डसह सहा मुलांचा भार एकट्या आईवर पडला. जगातील एक श्रेष्ठ अष्टपैलू खेळाडू त्या चिमुकल्या लाकडी घरातून बाहेर पडला. हे लाकडी घर हाच माझ्या आजच्या भाषणाचा खरा विषय आहे.

बार्बेडोसमधील गरिबांच्या ह्या घरांना तिकडे 'चॅटल हाउस' असे म्हणतात. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता. आपल्या कोर्टकचेऱ्यांच्या भाषेत घर हे स्थावर आणि भांडीकुंडी, गुरेढोरे ही जंगम. त्या बेटावर मात्र घरच जंगम! हे घर पायावर बांधीत नसत. प्रवाळखडकाचे काही सुटे दगड जमिनीवर मांडावयाचे आणि त्यांवर लाकडी फळ्यांची खोली ठेवावयाची. समोर मधोमध दार, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर तुफानाचा वारा निसटून जावा म्हणून उभ्या उताराचे छप्पर. संसार वाढला, हाती चार पैसे आले, की मागे दुसरी तशीच खोली जोडावयाची. आणि वेळ आली की फळ्या सोडवून, छप्पर उतरवून, सगळे घर गाडीवर लादावयाचे व दुसरीकडे नेऊन पुन्हा दगडांवर मांडावयाचे.

ही वेळ का यावी? ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. बार्बेडोस हे सुमारे ४३० चौरस किलोमीटरांचे बेट, आपल्या गोव्याच्या आठव्या हिश्श्याहूनही लहान. १६२७ मध्ये इंग्रज तेथे उतरले आणि पुढील पंधरा-वीस वर्षांतच त्यांनी उसाची लागवड सुरू केली. बघता बघता सारे बेट उसाखाली गेले, आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून जहाजे भरभरून माणसे आणली गेली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने रद्द झाली तेव्हा ह्या एवढ्याशा बेटावर सुमारे ८३ हजार गुलाम होते. तेथून पुढेही चार वर्षे 'उमेदवारी' ह्या गोंडस नावाखाली त्यांना जुन्या धन्यांकडेच राबावे लागले. खरी सुटका झाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजी. ब्रिटिश सरकारने ह्या प्रकरणी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती सर्व वसाहतींतील मळेवाल्यांना, त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. जे पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांना एक पैही मिळाली नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष ब्रिटिश खजिन्याने फेडला तो २०१५ साली. म्हणजे आज तुमच्या-आमच्यात वावरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

माणूस मोकळा झाला, पण उभे राहावयाचे कोठे? जमीन सारी मळेवाल्यांची. मोठ्या बेटांवर डोंगरदऱ्या होत्या, पडीक रान होते. जमेकातील कित्येक मुक्त गुलामांनी तेथे जाऊन आपली गावे वसविली. बार्बेडोसमध्ये रानच शिल्लक नव्हते. तेव्हा मळ्याच्या कडेची जागा मळेवाल्याने भाड्याने द्यावयाची आणि त्या बदल्यात मजुराने त्याच्याच मळ्यावर राबावयाचे, अशी व्यवस्था रूढ झाली. मजुरीवरून वाद झाला की जागा सोडण्याचा हुकूम. म्हणून त्या लोकांनी असे घर रचले की हुकूम आला तरी निदान फळ्या तरी आपल्याबरोबर याव्यात. काही वास्तुप्रेमी लोक ह्या घरांच्या सुबकपणाचे कौतुक करतात. रंगीत खिडक्या व छपराची नक्षी पाहून मन प्रसन्न होते हे खरेच. परंतु ज्याने ते रचले त्याच्या मनात सौंदर्याच्या आधी धाक होता, हे विसरता येत नाही.

अशा घरांच्या एका वस्तीत, ब्रिजटाऊनलगतच्या कॅरिंग्टन व्हिलेजमध्ये, ८ जून १९२७ रोजी जॉर्ज लॅमिंग यांचा जन्म झाला. त्यांना मुख्यतः आईने वाढविले. वयाच्या पंचविशीत, लंडनमध्ये बसून, त्यांनी आपल्या गावाची व बालपणाची कादंबरी लिहिली: 'इन द कॅसल ऑफ माय स्किन'. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. कादंबरी म्हटली तरी तिच्यातील मुलगा म्हणजे बव्हंशी लॅमिंगच, आणि गाव म्हणजे कॅरिंग्टन व्हिलेज.

पुस्तकाच्या आरंभीच पाऊस आहे. मुलाचा नववा वाढदिवस, आणि त्याच दिवशी गावात पूर. छप्पर गळते आहे, आई गळक्या जागा बुजविते आहे, आणि बाहेर शेजाऱ्यांची घरे पाण्याने हलत आहेत. सुट्या दगडांवर ठेवलेले घर पुरात कसे टिकणार? पुढे गावातला सार्वजनिक नळ येतो, नळावर बादल्या घेऊन जमलेल्या बायका येतात, एका घराचे बोलणे दुसऱ्या घरात सहज ऐकू जाणारी कुंपणे येतात, समुद्रावर भटकणारी पोरे येतात. गावाच्या टेकाडावर जमीनदाराचे मोठे घर आहे, आणि रात्री त्याचे दिवे खालून दिसतात. वस्तीतल्या मुलाला जग म्हणजे हे दोनच स्तर: वरचे दिवे आणि खालचे दगड.

मी पेशाने शिक्षक आहे. त्यामुळे ह्या पुस्तकातील शाळेचे प्रकरण मी पुनःपुन्हा वाचले आहे. साम्राज्याच्या उत्सवाचा दिवस आहे. शाळा निशाणांनी सजली आहे, पोरे कवाईतीने रांगेत उभी आहेत आणि गोरे इन्स्पेक्टर तपासणीस आले आहेत. शेवटी प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक पेनी पडते. पेनीवर राजाचे मुखवटे. मग पोरांचा वाद सुरू होतो: हा राजा स्वतः इतक्या नाण्यांवर कसा उमटतो? प्रत्येक नाण्यासाठी त्याला बसावे लागत असेल का? सगळ्या पेन्या एकाच पेनीपासून निघाल्या असतील का? वाचताना हसू येते. पण त्याच शाळेत एक मुलगा विचारतो की एका म्हाताऱ्या बाईने आपल्याला गुलामांविषयी सांगितले, ते काय आहे? गुरुजी त्याला समजावितात की ते फार फार जुने आहे, आणि येथे, ह्या बेटावर, तसले काही झालेच नाही. मुलाला वाटते, बिचाऱ्या म्हातारीच्या डोक्यात काहीतरी घोटाळा झाला असावा.

ज्या बेटावर शंभर वर्षांपूर्वी ८३ हजार गुलाम होते, त्या बेटावरच्या मुलांना गुलामगिरी ही एका म्हातारीची भ्रमिष्ट बडबड वाटावी! मुलांना विल्यम द कॉंकररची लढाई शिकविली जात होती. बेट 'छोटे इंग्लंड' म्हणून मिरवीत होते. आजीचा इतिहास मात्र शाळेच्या फाटकाशीच अडविला जात होता. त्या गुरुजींनाही तो कोणी शिकविलेला नव्हता, हे मी आमच्या व्यवसायबंधूंच्या वतीने नमूद करतो. परंतु त्याने मुलाचे नुकसान कमी होत नाही.

१९३७ च्या जुलैमध्ये ह्या झाकलेल्या इतिहासाने डोके वर काढले. क्लेमेंट पेन नावाचा एक कामगार पुढारी, बार्बेडियन आईबापांचा पण त्रिनिदादमध्ये जन्मलेला, मजुरांच्या सभा भरवीत होता. सरकारने त्याला बेटाबाहेर काढले आणि ब्रिजटाऊनमध्ये दंगल उसळली. पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसे मेली. लॅमिंग तेव्हा दहा वर्षांचे होते. कादंबरीत ही दंगल वस्तीतून दिसते तशीच येते: बंद दारे, उडत्या अफवा, कोणाचा मुलगा घरी आला आणि कोणाचा आला नाही. असलेच उठाव त्या काही वर्षांत त्रिनिदाद, जमेका व इतर बेटांवरही झाले. लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसमिती नेमली गेली. तिने बेटांतील घरे, मजुरी व आरोग्य ह्यांचे जे वर्णन केले ते असे होते की युद्धकाळात शत्रूच्या हाती प्रचाराचे साधन पडू नये म्हणून संपूर्ण अहवाल १९४५ पर्यंत प्रसिद्धच केला गेला नाही.

आता ह्या बालपणात केवळ दुःखच होते असे कोणी समजू नये. मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेले 'कूकू' व त्याबरोबर उडणारा मासा हे तेथल्या माणसाचे आवडते जेवण. आपल्या उकडीशी त्याचे नाते सांगता येईल. दुसरे एक अन्न तर कोकणातल्या व गोव्यातल्या श्रोत्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे: नीरफणस. आपण त्याच्या फोडी तळून खातो. वेस्ट इंडीजमध्ये तो आला कसा, ते ऐकण्यासारखे आहे. मळ्यांवरील गुलामांना स्वस्तात पोटभर अन्न मिळावे, म्हणून कॅप्टन विल्यम ब्लाय याने १७९३ साली ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे जहाजात घालून सेंट व्हिन्सेंट व जमेका येथे आणली. त्याची ह्यापूर्वीची खेप तर खलाशांच्या बंडाने समुद्रातच संपली होती. एवढ्या खटपटीने आणलेले हे फळ गुलामांनी सुरुवातीला नाकारले, असे सांगतात. पुढे मात्र तेच गरिबांच्या अंगणातील झाड झाले, आणि परदेशी गेलेल्या माणसाला आईच्या हातचा नीरफणस आठवून गहिवर येऊ लागला. धन्याने काटकसरीसाठी लावलेले झाड नातवाच्या आठवणीत मायेचे झाड होते, हा आठवणींचा चमत्कारच म्हणावयाचा.

लॅमिंगना शिष्यवृत्ती मिळाली आणि ते कॉंबरमीअर ह्या माध्यमिक शाळेत गेले. मघाशी ज्यांचे नाव घेतले ते फ्रँक वॉरेलही ह्याच शाळेचे विद्यार्थी. तेथे फ्रँक कॉलिमोर नावाचे एक शिक्षक होते. १९४२ मध्ये सुरू झालेल्या 'बिम' नावाच्या छोट्या वाङ्मयीन नियतकालिकाचे ते संपादक. त्यांनी ह्या गरीब मुलाला आपल्या ग्रंथसंग्रहाची दारे उघडी करून दिली. शाळेने मुलाला घडविले, हे खरे. पण त्याच शाळेने त्याला वस्तीतल्या सोबत्यांपासून तोडले, हेही कादंबरीत स्पष्ट आहे. गणवेश घालून हायस्कूलला जाणारा मुलगा आणि नळावर पाणी भरणारे त्याचे मित्र ह्यांच्यातले बोलणे हळूहळू आटत जाते. कोणी भांडत नाही. शब्द सुचेनासे होतात, इतकेच. खेड्यातून शिकून वर आलेल्या कोणाही माणसाला हे प्रकरण ओळखीचे वाटेल.

आणि मग घर जाते. कादंबरीत स्लाइम नावाचा एक गृहस्थ गावकऱ्यांच्या पै-पैशांची पेढी व सहकारी मंडळी काढतो. पुढे त्याच पैशाच्या बळावर तो आणि त्याचे साथीदार जमीनदाराकडून गावची जमीन विकत घेतात, आणि ज्यांनी पेन्या साठविल्या त्यांनाच जागा सोडण्याच्या नोटिसा लागतात. हा स्लाइम पूर्वाश्रमीचा शाळामास्तर आहे! गावातल्या चांभाराचे दुकान हलविण्यासाठी उचलू जातात, तर फळ्या इतक्या कुजलेल्या की ते जागच्या जागी कोसळते. जंगम घरही जंगम राहत नाही. आणि तरुणपणी पनामाला जाऊन आलेला, गावातला सर्वांत जुना माणूस 'पा', अनाथालयाच्या वाटेला लागतो. पनामा कालवा खणण्यासाठी १९०५ ते १९१३ ह्या काळात बार्बेडोसमधून सुमारे वीस हजार माणसे करारावर नेली गेली होती. स्वतःच्या हिमतीवर गेली ती वेगळी. त्या 'पनामाच्या पैशां'तून काहींनी आयुष्यात प्रथमच जमिनीचा तुकडा विकत घेतला. पा मात्र जसा गेला तसा परतला.

लॅमिंग १९४६ मध्ये त्रिनिदादला शिक्षक म्हणून गेले आणि १९५० मध्ये इंग्लंडला. त्याच बोटीवर त्रिनिदादचे दुसरे एक तरुण लेखक होते, सॅम्युएल सेल्व्हन. ह्यापूर्वी दोन वर्षे, २२ जून १९४८ रोजी, 'एम्पायर विंडरश' ही बोट वेस्ट इंडियन प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदराला लागली होती, आणि त्यानंतर बेटांवरची तरुण मंडळी कामाच्या शोधात सतत इंग्लंडकडे येऊ लागली होती. लंडनच्या थंडीत, भाड्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीपुढे बसून ह्या लोकांनी आपली उन्हाची बेटे लिहून काढली.

येथे आपल्या नभोवाणीचा संबंध येतो. महायुद्ध चालू असताना युना मार्सन ह्या जमेकन कवयित्री लंडनच्या बी.बी.सी.वर काम करीत. सैन्यात गेलेल्या बेटांवरच्या मुलांचे निरोप त्यांच्या घरी पोचविणारा एक कार्यक्रम त्या चालवीत असत. त्यातूनच १९४३ मध्ये 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा वाङ्मयीन कार्यक्रम जन्मास आला. १९४६ पासून हेन्री स्वॉन्झी नावाच्या एका आयरिश गृहस्थांनी तो आठ वर्षे सांभाळला. बेटांवरून कथा-कविता टपालाने लंडनला येत, त्यांतून निवड होई, आणि रविवारी त्या वाचून पुन्हा बेटांकडे प्रक्षेपित केल्या जात. लॅमिंग यांनी ह्या येण्याजाण्याला साखरेची उपमा दिली आहे: ऊस आमच्याकडे पिकतो, शुद्ध होण्यासाठी परदेशी जातो आणि तयार माल होऊन परत येतो. उपमेत कृतज्ञता आहे आणि टोचणीही आहे. पण मानधनाच्या त्या गिनीज्‌नी कित्येक लेखकांना जगविले. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या गल्लीतला नळ, आपल्या आईचे बोलणे, आपल्या शेजाऱ्याचे भांडण हे नभोवाणीवर वाचण्याच्या लायकीचे असते, हे त्या बेटांवरच्या लोकांना प्रथमच ऐकू आले. हा कार्यक्रम १९५८ मध्ये बंद झाला.

स्वॉन्झी गेल्यानंतर काही काळ ह्या कार्यक्रमाचे संपादन ज्या तरुणाने केले, त्याचे नाव विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल. बी.बी.सी.च्या खोलीत बसूनच त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनमधील आपल्या बालपणाच्या रस्त्यावरील गोष्टी लिहावयास घेतल्या. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी १८४५ ते १९१७ ह्या काळात सव्वा लाखाहून अधिक हिंदी मजूर गिरमिटावर त्रिनिदादला नेले गेले. नायपॉल हे त्यांचे वंशज. ही माणसे बहुतांशी कलकत्त्याच्या बंदरातून गेली. आपले मराठी गिरमिटिये गेले ते मुख्यतः मॉरिशसला. नायपॉल यांचे वडील सीपरसाद बातमीदार होते, स्वतः कथा लिहीत, आणि त्यांच्या कथाही ह्याच कार्यक्रमात वाचल्या गेल्या. सासुरवाडीच्या गोतावळ्यात, आज ह्या खोलीत तर उद्या त्या घरात, असे त्यांचे दिवस गेले. १९५३ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा इंग्लंडात होता. १९६१ च्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ह्या कादंबरीत मुलाने बापाची एकच इच्छा रंगविली आहे: मरण्यापूर्वी स्वतःचे घर असावे. बिस्वास त्या घरात मरतो. घर गहाण आहे, जिना डगमगता आहे, पण ते त्याचे आहे. बार्बेडोसचा काळा मजूर आणि त्रिनिदादचा हिंदी बातमीदार ह्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, पण दोघांची मागणी एकच.

फ्रेंच बेटांवरचेही एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. जोझेफ झोबेल यांचा जन्म १९१५ साली मार्तिनिक बेटावर झाला. त्यांना आजीने वाढविले, ती ऊसमळ्यावर मजूर होती. १९५० मध्ये त्यांनी मळ्यावरील मजुरांच्या चाळीवरून एक कादंबरी लिहिली. मराठीत तिचे नाव 'काळ्यांच्या झोपड्यांची गल्ली' असे काहीसे होईल. पोरांनाही मळ्यावर टोळ्याटोळ्यांनी कामाला लावून दोन पैसे मिळविण्याची तेथे रीत होती. गल्लीतल्या इतर घरांनी पोरे पाठविली, ह्या आजीने नातवाला पाठविले नाही. त्याच्या शाळेसाठी ती स्वतः राबत राहिली. शेवटी ती जाते तेव्हा शिकलेल्या नातवाच्या मनापुढे तिचा चेहरा येत नाही, तिचे हात येतात. भेगाळलेले, उसाच्या पातीने कापलेले हात. १९८३ मध्ये त्याच बेटावरच्या युझान पाल्सी ह्या दिग्दर्शिकेने ह्या कादंबरीचा चित्रपट केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला रौप्यसिंहाचा मान मिळाला.

ह्या आठवणींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दूर गेलेल्या माणसाला मागचे सगळे गोड दिसते, तेव्हा अशा लेखनाला इतिहास का म्हणावे? आक्षेप निराधार नाही. पण बार्बेडोसमधल्या मजुराचा कागदोपत्री इतिहास पाहू गेले तर काय हाती लागते? मळ्याच्या वहीत नाव, वय आणि किंमत. पुढे भाड्याची पावती, आणि जागा सोडण्याची नोटीस. छप्पर गळत असताना आई काय पुटपुटत होती, पेनी हातात पडल्यावर पोरे काय बोलली, म्हातारीला मूर्ख कोणी ठरविले, हे त्या वह्यांत नाही. ते जॉर्ज लॅमिंग आणि जोझेफ झोबेल ह्यांनी आठवून लिहिले म्हणून राहिले. शिवाय लॅमिंग यांची आठवण गोडही नाही. त्यांना गावाची ओढ आहे आणि गावाने आपल्याला फसविले गेल्याचे भानही आहे. अशी आठवण साक्षीदाराच्या जबानीच्या तोडीची मानावयास हरकत नसावी.

१९५५ च्या सप्टेंबरात 'जॅनेट' नावाच्या तुफानाने बार्बेडोसमधील हजारो लाकडी घरे मोडून टाकली. दगडांवरचे घर पुन्हा दगडांवरच उभे राहिले, कारण जमीन अजून परक्याचीच होती. ३० नोव्हेंबर १९६६ रोजी बेट स्वतंत्र झाले. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी राणीचे नाव जाऊन ते प्रजासत्ताक झाले. पेनीवरच्या मुखवट्याविषयी वाद घालणाऱ्या मुलांपैकी एकाला, चौऱ्याण्णव वर्षांच्या लॅमिंगना, तेही पाहावयास मिळाले. ४ जून २०२२ रोजी ते वारले.

परंतु ह्या दोन तारखांच्या मध्ये एक तिसरी घटना आहे, आणि तिची आपल्याकडे कोणी दखल घेतलेली मला आढळली नाही. १९८० साली बार्बेडोसच्या संसदेने भाडेकरू वस्त्यांविषयी एक कायदा केला. मळ्याच्या जागेवर किमान पाच वर्षे राहिलेल्या माणसाला ती जागा विकत घेण्याचा हक्क त्याने दिला, आणि मळ्यांच्या वस्त्यांसाठी किंमतही ठरवून दिली: चौरस फुटाला दहा सेंट. शहरालगतच्या खाजगी वस्त्यांना ही ठराविक किंमत लागू नव्हती, तेथील झगडा पुढेही चालू राहिला. पण मळ्यांच्या वस्त्यांत १८३८ नंतर प्रथमच मजुराच्या नातवंडांच्या नावाने जमिनीचे कागद होऊ लागले. कागद हाती आल्यावर त्या लोकांनी हळूहळू घराखालचे सुटे दगड काढले, आणि तेथे पाया घातला.